मुंबई बंदरात एक दिवस: जहाजातून उतरून टॅक्सी-रिक्षाने शहर पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की मुंबईला क्रूझ जहाजं लागायला सुरुवात होते आणि उन्हाळ्यापर्यंत ती येत राहतात. त्यांतून उतरणाऱ्यांत मराठी माणसं बरीच असतात. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये राहणारी कुटुंबं आणि त्यांची इथे कधीच न राहिलेली मुलं असतात, तसेच गोवा-कोचीच्या सहलीला निघालेले पुण्या-नाशिकचे लोकही असतात. सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं, मधल्या वेळात "एक गाडी करून मुंबई बघू" एवढंच ठरलेलं असतं. त्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगते: ठिकाणं कमी घ्या, दिवसभरासाठी एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर ठेवा, आणि निदान दोन तास गिरगावासाठी राखा.

जहाज नेमकं कुठे लागतं?

फोर्टच्या पूर्वेला, बॅलार्ड पिअरच्या भागात. इंदिरा डॉकमधल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. डॉकच्या आत पायी भटकायला मनाई आहे, त्यामुळे गेटपर्यंत कसं जायचं आणि कोणत्या गेटने बाहेर पडायचं हे जहाजावरून निघतानाच विचारून घ्या. बहुतेक वेळा ग्रीन गेट असतं. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना आत सोडत नाहीत. त्यांना गेटबाहेर बॅलार्ड इस्टेटमध्ये उभं राहायला सांगा आणि एखाद्या इमारतीचं नाव ठरवून ठेवा, कारण तिथले सगळे दगडी कोपरे पहिल्यांदा येणाऱ्याला सारखेच दिसतात.

बॅलार्ड इस्टेट घाईत ओलांडू नका. गेटवे ऑफ इंडिया बांधणाऱ्या जॉर्ज विटेटनेच या भागाचा आराखडा केला. इंग्रजांच्या काळात विलायतेची बोट लागली की प्रवासी आणि टपाल घेऊन फ्रंटियर मेल इथूनच, बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून, सुटायची. ती गाडी १९२८ साली सुरू झाली.

बंदराबाहेर रिक्षा मिळेल का? मुलांनी कोलंबोला टुकटुक केली होती, इथेही तीच हवी आहे.

नाही मिळणार. मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून पश्चिमेला माहीम आणि पूर्वेला सायनपर्यंत, रिक्षांना परवानगीच नाही. त्या वांद्र्यापासून आणि सायनच्या पलीकडे उपनगरांत धावतात. म्हणून ग्रीन गेटबाहेर कुणी "रिक्षाने फिरवतो" म्हणाला, तर तो आधी तुम्हाला टॅक्सीनेच वांद्र्यापर्यंत नेणार आहे हे लक्षात घ्या.

दक्षिण मुंबईची गाडी म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी. जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारी मात्र आता शोधू नका. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचंच असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. हल्लीच्या गाड्या छोट्या आणि बहुतेक सीएनजीवरच्या. डिकीत गॅसची टाकी असते, तेव्हा चाकाची खुर्ची किंवा मोठी बॅग सोबत असेल तर ठरवण्याआधी डिकी उघडून बघा.

रिक्षाची हौस भागवायची असेल तर वांद्र्याचा वेगळा बेत खाली दिला आहे.

टॅक्सी मीटरने घ्यावी की दिवसाचे पैसे ठरवून?

नुसतं गेटवेला किंवा सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनला) जायचं असेल तर मीटर. पाच-सहा तास फिरायचं असेल तर आधी ठरवून.

ठरवताना मीटरचा हिशोब माहीत असला की बोलणं सोपं जातं. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये पडतात. मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत सव्वापट. म्हणजे बॅलार्ड पिअरहून गिरगाव, मलबार हिल, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी, गेटवे असा २० किलोमीटरचा फेरा झाला तरी नुसत्या धावण्याचं भाडं सव्वाचारशेच्या आत राहतं. तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ते त्याच्या थांबण्याचे, आणि ते द्यायलाच हवेत. त्या पाच तासांत त्याने दुसरी भाडी मारली असती, मोकळ्या रस्त्यावर चार पैसे मिळवले असते. मीटरपुरतेच पैसे देईन म्हणणं अन्यायाचं आहे, आणि गेटवर पहिल्या झटक्यात सांगितलेला आकडा मान्य करणं भाबडेपणाचं.

बोलायचं कसं, तर सगळं एका दमात आणि स्पष्ट: "दादा, पाच तास गाडी हवी. गिरगाव, बाणगंगा, मणिभवन, सीएसएमटी, मग गेटवे. चार वाजता परत ग्रीन गेट. थांबायचं, पार्किंगचं, टोलचं सगळं धरून किती?" आकडा माणशी आहे की गाडीचा, हेही तिथेच विचारा. भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. ठरलेली रक्कम मोबाइलवर टाइप करून त्याला दाखवा. गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, त्याचा फोन नंबर घ्या आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन तो लागतोय ना ते बघा. पैसे शेवटी, गेटवर उतरल्यावर. आगाऊ मागितले तर गॅसपुरते द्या, जास्त नाही.

बरेच टॅक्सीवाले उत्तर प्रदेशातले आहेत, हिंदी बोलतात, पण मराठी समजत नाही असा क्वचितच एखादा. मराठीतच सुरुवात करा.

गेटवरचे सगळेच अवाच्या सवा भाव सांगत असतील तर?

चालत पुढे जा. बॅलार्ड इस्टेटमधून सीएसएमटीच्या दिशेने दहा मिनिटं चाललात की शहरात रोज फिरणाऱ्या टॅक्सी मिळतात, आणि त्यांच्या तोंडी जहाजाच्या दिवसाचा भाव नसतो. उबर-ओलासारख्या अॅपवर तासांच्या हिशोबाने गाडी मिळते का, हेही बघता येतं. त्यासाठी फोनवर नेट चालायला हवं, आणि जहाजाचं वायफाय गेटच्या बाहेर येत नाही.

आम्ही पाच जण आहोत. एका गाडीत मावू का?

साध्या टॅक्सीत चार, रिक्षात तीन. पाचवा माणूस कोंबू नका, पोलिसांनी अडवलं की दंडापेक्षा वेळ जास्त जातो. मोठी गाडी मागा, नाही तर दोन टॅक्सी करा.

हातात सहा तास आहेत. काय काय बघून होईल?

यादी हातात घेऊन पळालात तर दहा ठिकाणं होतील आणि एकही लक्षात राहणार नाही. मी पाहुण्यांना नेते तो क्रम सांगते.

सकाळी लवकर उतरलात तर आधी मलबार हिल गाठा, कारण ऊन चढल्यावर बाणगंगेच्या पायऱ्या तापतात. टॅक्सी वरच्या गल्लीत थांबते, तिथून चालत खाली उतरायचं. दगडी दीपस्तंभ ओलांडले की एकदम मोकळं पाणी दिसतं. चारही बाजूंनी पायऱ्या, पाण्यात बदकं, कडेला धर्मशाळा आणि देवळं, आणि त्यांच्या मागे उंच इमारती. समुद्र हाकेच्या अंतरावर असून कुंडाचं पाणी गोडं. शिलाहारांच्या काळात, ११२७ साली, हे कुंड बांधलं गेलं असं सांगतात. वाळकेश्वराच्या देवळाचा १७१५ मधला जीर्णोद्धार रामा कामती यांनी केला. पायऱ्यांवर कुणी दशक्रिया करत बसलेलं असतं, कुणी कपडे वाळत घालत असतं. तिथे अर्धा तास नुसतं बसा. तिथल्या विधींचे फोटो काढू नका, मुलांनाही तसं आधी सांगून ठेवा.

तिथून उतरून गामदेवीला मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली, चरखा आणि खालचं ग्रंथालय, पाऊण तास पुरतो.

मग गिरगाव. चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले, त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. पुढे टॅक्सी ठाकूरद्वारला उभी करून पायी फिरा. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी घरं अजून उभी आहेत. दर काही वर्षांनी त्यातलं एखादं कमी होतं, म्हणूनच मी पाहुण्यांना इथे आवर्जून नेते. जी मुलं "आजोबा चाळीत राहायचे" एवढंच ऐकून वाढली आहेत त्यांना सामाईक गॅलरी, तिथे वाळत घातलेली लुगडी, दारासमोरची रांगोळी दाखवा. गेटवेच्या फोटोपेक्षा हे जास्त दिवस त्यांच्याजवळ राहतं. फक्त ही राहती घरं आहेत, तेव्हा आवाज खाली ठेवा आणि कुणाच्या दारात डोकावू नका.

परतीच्या वाटेवर मरीन ड्राइव्ह गाडीतूनच. इथल्या आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारती मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. ओव्हलवर उभं राहिलात की एका बाजूला राजाबाई टॉवर दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं. हुतात्मा चौकात दोन मिनिटं का होईना थांबा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या झेलणाऱ्यांचं हे स्मारक आहे, आणि परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना ही गोष्ट सहसा कुणी सांगितलेली नसते.

सीएसएमटी समोरून, महापालिकेच्या बाजूने बघा. गाडीतून उतरायचा कंटाळा करू नका. फाटकाच्या दोन खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, भिंतींवर मोर, माकडं, पानं कोरलेली आहेत, आणि त्या कोरीवकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार १८७८ ला काम सुरू झालं ते दहा वर्षं चाललं. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा आहे.

गेटवे शेवटी. टॅक्सी अगदी समोर उभी करू देत नाहीत, रीगलच्या चौकात उतरून चालत जावं लागतं आणि तपासणीची रांग असते. १९११ मध्ये पंचम जॉर्ज इथे उतरला, त्या आठवणीसाठी बांधलेली कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण बोटीत बसून गेली.

घारापुरीची लेणी या दिवसात बसतील का?

जहाज आठ तासांहून कमी थांबणार असेल तर नाही. गेटवेवरून लाँचला जाताना एक तास, येताना एक तास, बेटावर वर चढायला शंभराहून जास्त पायऱ्या, आणि त्या त्रिमूर्तीसमोर उभं राहायलाही वेळ हवा. शिवाय परतीची लाँच तुमच्या जहाजाचं वेळापत्रक बघून सुटत नाही. सोमवारी लेणी बंद असतात. जहाज रात्री मुक्काम करणार असेल तर मात्र अवश्य जा, सकाळची पहिली लाँच धरा.

मुलांना रिक्षातच बसायचंय. वांद्र्याचा बेत कसा करायचा?

यासाठी तीन-साडेतीन तास वेगळे काढावे लागतात, म्हणजे वरच्या यादीतलं मलबार हिल सोडावं लागेल.

चर्चगेटहून फास्ट लोकल वांद्र्याला अर्ध्या तासात पोचवते. सकाळी सगळी गर्दी चर्चगेटकडे येत असते, तुम्ही उलट दिशेला जाता, त्यामुळे बसायलाही मिळतं. संध्याकाळीही तसंच, गर्दी उपनगरांकडे जात असते आणि तुम्ही शहराकडे येता. फक्त स्टेशनच्या जिन्यांवर समोरून लोंढा येतो, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका. लोकल नको असेल तर सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ ने वांद्रे-कुर्ला संकुलाला उतरा, तिथेही रिक्षा मिळतात. टॅक्सीने कोस्टल रोड आणि सी लिंकवरूनही जाता येतं, नजारा छान आहे. रिक्षा मात्र सी लिंकवर चालत नाहीत.

वांद्रे पश्चिमेला बाहेर पडलात की रिक्षांची रांग असते. किमान भाडं २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. साडेतीन किलोमीटरला साठेक रुपये होतात. "मीटर टाका" एवढंच म्हणायचं. शेअर रिक्षाची रांग वेगळी असते, तिथे उभे राहू नका. पोरांना मधे बसवा आणि मोठ्यांनी कडेला. हात बाहेर काढायचा नाही, कारण शेजारून जाणारी बस आणि तुमचा हुड यांत वीतभरच जागा असते.

हिल रोडने माउंट मेरीला जा. चर्चसमोरच्या टपऱ्यांवर मेणाच्या वस्तू मांडलेल्या दिसतील. नुसत्या मेणबत्त्या नाहीत, तर मेणाचं घर, मेणाचा हात, मेणाचं तान्हं बाळ. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं ते तो वाहतो. सगळ्या धर्मांची माणसं येतात. तिथून वांद्र्याचा किल्ला, १६४० चा पोर्तुगीजांचा, आणि मग रणवारच्या गल्ल्या. या गल्ल्यांतून रिक्षाच फिरावी, टॅक्सीला त्या अरुंद पडतात. रिक्षावाल्याला थांबवून ठेवायचं असेल तर थांबण्याचे पैसे आधी बोला. नट-नट्यांचे बंगले दाखवण्यात तो वेळ घालवू लागला तर नम्रपणे पुढे न्यायला सांगा, बंद फाटकापलीकडे काही दिसत नाही.

वाटेत खायचं कुठे?

गिरगावात. ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ, गल्लोगल्ली कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, पियूष. धोबी तलावला कयानी, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, ब्रून मस्का आणि चहा. बॅलार्ड इस्टेटमध्येच ब्रिटानिया, १९२३ पासूनचं पारशी-इराणी, बेरी पुलावासाठी प्रसिद्ध. ते दुपारच्या जेवणालाच उघडं असतं, जहाजापासून जवळ असल्यामुळे शेवटी ठेवायला सोयीचं. पाणी बंद बाटलीतलं. पोट नाजूक असेल तर गाडीवरची भेळ-पाणीपुरी सोडा, गरम वडापाव चालेल. ड्रायव्हरलाही जेवायची वेळ द्या, नाही तर दिवसभर तो उपाशी गाडी चालवतो.

डबेवाले बघायला मिळतील?

सोमवार ते शनिवार, साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर. लाकडी पाट्यांवरून डबे उतरवतात आणि फुटपाथवरच वाटणी करतात. त्यांना एकेका मिनिटाचा हिशोब असतो, म्हणून बाजूला उभे राहून बघा आणि मधे येऊ नका.

ड्रायव्हर म्हणतो, "एका मोठ्या दुकानात दहा मिनिटं."

नको म्हणा. तिथे त्याला कमिशन मिळतं आणि तुमचा पाऊण तास जातो. खरेदी करायचीच असेल तर महात्मा फुले मंडईत जा, म्हणजे जुनं क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं. तिथे गाडी थांबतेय ती तुम्ही सांगितलंत म्हणून, हेही ड्रायव्हरला कळू दे.

सोबत परदेशी मित्र किंवा परदेशी पासपोर्टवाली मुलं आहेत. काही वेगळं?

भारताचा व्हिसा आधीच काढलेला हवा, बंदरावर ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. ई-व्हिसा मुंबई बंदरात चालतो. ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असेल तर कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा. मुंबई हे तुमच्या जहाजाचं भारतातलं पहिलं बंदर असेल तर इमिग्रेशनची रांग लांब असते, तेव्हा टॅक्सी जहाज लागण्याच्या वेळेनुसार नव्हे, तर त्यानंतर दीड-दोन तासांनी बोलवा. यूपीआय नसेल तर रोख हवी, शंभर आणि पन्नासच्या नोटा जास्त.

आजी-आजोबांना हा फेरा झेपेल?

बाणगंगा वरूनच दाखवा, खोताची वाडी सपाट आहे ती चालेल. स्वच्छतागृहासाठी हॉटेलात जेवणाच्या वेळीच जाऊन घ्या. मार्चनंतर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काही ठेवू नका, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बरं. भव्य इमारत, भरपूर सावली, बसायला बाक.

परत कधी निघायचं?

जहाजावर हजर राहण्याची जी वेळ दिली असेल तिच्या दीड तास आधी गाडी गेटच्या दिशेने वळलेली असावी. वांद्र्याला असाल तर अडीच तास. जहाजाचं घड्याळ आणि मुंबईचं घड्याळ एकच आहे ना, हे सकाळीच ताडून बघा, कारण काही जहाजं आपली वेगळी वेळ ठेवतात. जहाज कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आणि मोठ्या सणांच्या दिवशी अर्धा तास आणखी धरा.

आणि जहाज चुकलंच तर?

जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटाचा नंबर छापलेला असतो, उतरतानाच तिचा फोटो काढून ठेवा. पहिला फोन त्याला. पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात आहे की तुमच्याजवळ, हेही निघताना माहीत असू द्या. पुढचं बंदर गोवा किंवा कोची असेल तर विमानाने स्वखर्चाने तिथे जाऊन जहाज गाठता येतं. रस्त्यात कुणी त्रास दिला किंवा अपघात झाला तर ११२ फिरवा, आणि टॅक्सीच्या नंबर प्लेटचा सकाळी काढलेला फोटो तेव्हा हाताशी ठेवा.